निकीतिनच्या प्रवासवृत्ताची भाषांतरे

पंधराव्या शतकात व्होल्गाकाठच्या त्व्हेर या नगरातून निघून दख्खनमध्ये आलेला रशियन व्यापारी अफनासी निकीतिन याने लिहिलेले प्रवासवृत्त खोझेनिए झा त्री मोर्या (तीन समुद्रांपलीकडील यात्रा) या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या भारतातील वास्तव्याचा काळ पूर्वी १४६९–७२ असा मानीत. अलीकडील काही अभ्यासक तो १४७१–७४ असा धरतात. एक घोडा घेऊन तो चौल बंदरात उतरला, जुन्नरमार्गे बहमनी राजधानी बीदर येथे गेला आणि परतताना रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ बंदरात जहाजावर चढला. स्मोलेन्स्कजवळ, घरी पोहोचण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या वह्या मॉस्कोस पोहोचून रशियन बखरींत समाविष्ट झाल्या. इतिहासकार करमझिन याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या उजेडात आणल्या. भारतीय वाचकाला त्यांचा परिचय झाला तो मुख्यतः काउंट व्ह्येल्गोर्स्की याने केलेल्या इंग्रजी भाषांतरामुळे. हे भाषांतर आर. एच. मेजर याने संपादित केलेल्या आणि हॅक्ल्यूट सोसायटीने १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पंधराव्या शतकातील भारतविषयक संग्रहात आहे.

हे भाषांतर मार्गदर्शक ठरले, यात शंका नाही. एका अप्रसिद्ध व अनेक ठिकाणी दुर्बोध अशा संहितेला प्रथमच हात घालणाऱ्याचे श्रम त्यामागे आहेत. तथापि दख्खनच्या इतिहासाची साधने म्हणून त्यातील वाक्ये जशीच्या तशी उद्धृत करण्याचा प्रघात मात्र सदोष आहे. निकीतिनची रशियन ही शुद्ध रशियन नव्हे. वाटेत ऐकलेले फार्सी, तुर्की, अरबी शब्द तो रशियन लिपीत सरळ लिहून जातो. इंग्रजी भाषांतरकाराला जे शब्द अडले, त्यांपैकी कित्येक मराठीत शतकानुशतके रुळलेले आहेत.

ग्रंथारंभीच याचा प्रत्यय येतो. निकीतिन तीन समुद्रांची गणना करतो आणि प्रत्येकाला दोन नावे देतो : एक रशियन मोरे या शब्दाने, दुसरे दोरिया या शब्दाने. कॅस्पियन, हिंदी व काळा समुद्र अशी ही त्रयी होय. दोरिया म्हणजे फार्सी दर्या. गणपतीपुळे, जयगड, दाभोळ या किनाऱ्यावर तारू हाकणाऱ्या खारव्यांच्या तोंडी हाच शब्द आहे. इंग्रजीत दोन्ही शब्दांना एकच प्रतिशब्द असल्याने ही जोडी टिकत नाही. मराठीत ‘समुद्र’ आणि ‘दर्या’ असे दोन शब्द सहज शेजारी बसतात. ‘तीन समुद्रांपलीकडे’ या शब्दांना रशियन लोककथेतील दूरदेशाचीही छटा आहे. मराठी कान येथे ‘सातासमुद्रापलीकडे’ या प्रयोगाकडे झुकतो. पण लेखकाने समुद्र मोजून दाखविले असल्यामुळे हा मोह आवरावा लागतो.

खोझेनिए हा शब्द अधिक अवघड आहे. ‘चालणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो झालेला असून बाराव्या शतकातील मठाधिपती दानिइल याच्या जेरूसलेम-यात्रेपासून तो तीर्थयात्रावर्णनाचा वाचक बनला. निकीतिन आपल्या खोझेनिएला ‘पापी’ म्हणतो. पवित्र भूमीच्या यात्रेचे नाव व्यापारासाठी परधर्मीयांच्या देशात केलेल्या भ्रमंतीला द्यावे लागत असल्याची बोच त्या विशेषणात आहे. वाटेत लुटारूंनी त्याचे धर्मग्रंथ नेले होते व ईस्टर केव्हा येतो हेही त्याला अंदाजाने ठरवावे लागे. ‘प्रवास’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दात हे सारे हरवते. ‘वारी’ हा शब्द जवळचा वाटला, तरी त्यात दरवर्षीचा नेम आहे; त्या मानाने ‘यात्रा’ हाच शब्द अधिक योग्य होय. रशियन-भारतीय सहकार्याने १९५७ मध्ये निघालेल्या चित्रपटाचे रशियन नाव मूळ ग्रंथाचेच होते. हिंदीत मात्र ते परदेसी असे ठेवण्यात आले. हे भाषांतर नव्हे, पण निकीतिनच्या एकटेपणाचे मर्म त्यात आले आहे.

सर्वांत बोलके उदाहरण झीमा या शब्दाचे. त्रैक्याच्या सणापासून येथे झीमा सुरू झाला आणि चार महिने रात्रंदिवस पाणी व चिखल होता, असे निकीतिन सांगतो. शब्दकोशाप्रमाणे झीमा म्हणजे हिवाळा, आणि इंग्रजी भाषांतरातही हिवाळाच आला आहे. झीमा आणि संस्कृत हिम, हेमंत हे एकाच मूळ धातूपासून निघालेले असल्यामुळे व्युत्पत्तीच्या नादी लागलेला मराठी भाषांतरकारही येथे सहज फसेल. परंतु त्रैक्याचा सण मे–जूनमध्ये येतो. मृगाच्या आगेमागे सुरू होऊन चार महिने चालणारा ऋतू कोणता, हे कोकणात विचारावे लागत नाही. गणपतीपुळ्याच्या पुळणीवर त्या सुमारास होड्या ओढून शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी दर्यात उतरत नाही. व्होल्गा गोठली की नौका थांबतात. येथे पावसाने वाट थांबते. मुक्काम करायला लावणारा ऋतू या अर्थाने निकीतिनने आपला शब्द वापरला. पोर्तुगीजही पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळ्याला आपल्या भाषेतील हिवाळ्याचाच शब्द लावीत. त्याच शब्दापासून झालेल्या क्रियापदाचे भाषांतर मराठीत ‘जुन्नरास पावसाळा काढला’ असे करता येते, आणि अर्थ जराही न सांडता वाक्य मराठी होते.

त्याच परिच्छेदात मद्याचा उल्लेख आहे. थोर ओरेखांमध्ये, म्हणजे कठीण कवचाच्या फळांमध्ये, ते करतात असे सांगून निकीतिन त्या फळांना कोझी गुंदुस्तान्स्काया म्हणतो. रशियनमध्ये कोझी म्हणजे बकरीचे. व्ह्येल्गोर्स्कीच्या भाषांतरात त्यामुळे हिंदुस्थानी बकऱ्याच्या मोठ्या कातड्यांत मद्य ठेवले गेले. ‘कातडी’ या शब्दापुढे त्याने प्रश्नचिन्ह घातले, हा त्याचा प्रामाणिकपणा. वास्तविक हा फार्सी गौज किंवा जौज (कवचफळ) हा शब्द असून ‘हिंदुस्थानी कवचफळ’ म्हणजे नारळ. माडाच्या देशात माडीचा उल्लेख यावा, यात नवल नाही. पण एका अक्षरसाम्याने संपूर्ण माड नाहीसा झाला आणि त्या जागी पखाल आली. पुढे घोड्यांना नोखुत (हरभरा) आणि साखर-तूप घातलेली किचिरी चारतात, असे आहे. इंग्रजीत किचिरी तशीच ठेवलेली आहे. मराठी वाचकाला ती खिचडी म्हणून ओळखण्यास टीप लागत नाही.

इतर शब्दांची स्थिती कमीअधिक अशीच आहे. बीदरला रात्रीची गस्त घालणारे कुतोवालचे लोक म्हणजे कोतवालाचे शिपाई. जुन्नरचा अंमलदार असदखान हा मलिकुत्तुज्जार महमूद गावान याचा खोलोप होता, असे निकीतिन म्हणतो. खोलोप म्हणजे धन्याच्या मालकीचा दास. पण येथे अभिप्रेत आहे तो सरदाराशी बांधलेला अधिकारी. त्यासाठी ‘गुलाम’पेक्षा ‘बंदा’ हा दख्खनी दरबारी शब्द अचूक वाटतो. गोस्त म्हणजे आजच्या रशियनमध्ये पाहुणा, परंतु निकीतिनच्या काळी परमुलखी व्यापारी. आधुनिक कोश हाती धरणाऱ्याला येथे धर्मशाळेत उतरलेले पाहुणेच दिसतील. तावा या नौकेचे कूळ निश्चित नसले, तरी हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या कोशाने निकीतिनचा हा शब्द अरबी समुद्रातील ‘धाऊ’ नौकेच्या नोंदीत दिला आहे.

मराठी शब्दांची ही मदत सर्वत्र मिळते असे नाही. निकीतिनच्या धार्मिक चिंतनाचा सूर, चर्चच्या जुन्या स्लाव्ह भाषेतून आलेली त्याची वळणे, उपवास व सण यांची नावे यांना मराठीत परंपरेचा आधार नाही. तेथे इंग्रजीचे काम सोपे होते व तिने ते चांगले केले आहे.

ग्रंथात एका ठिकाणी निकीतिन आपल्या देशाविषयी बोलू लागतो आणि नेमकी तेथेच रशियन सोडून तुर्की-फार्सी मिश्रणाचा आश्रय घेतो. देव रशियाचे रक्षण करो, या दुनियेत तिच्यासारखी भूमी नाही, तिचे अमीर मात्र न्यायी नाहीत, असा त्याचा आशय आहे. स्वदेशातील सत्ताधाऱ्यांविषयीचे हे मत मायदेशी वाचणाऱ्याला चटकन कळू नये, म्हणून भाषा बदलली असावी, असा तर्क केला जातो. संपूर्ण भाषांतर एकाच सरळ भाषेत केले की ही भीतीही पुसली जाते. या भागातील दोन्या, अबोदान, रास्त हे शब्द मराठीला दुनिया, आबाद, रास्त या रूपांत परिचित आहेत; रशियाची भूमी आबाद होवो आणि तिच्यात रास्ती नांदो, ही निकीतिनची प्रार्थना मराठीत जवळजवळ त्याच्याच शब्दांत उतरते.