लँग्लींचे विमान आणि संग्रहालयाची पाटी

विमानाच्या शोधाचा धडा शिकवताना आपण १७ डिसेंबर १९०३ ही तारीख सांगतो आणि थेट राइट बंधूंकडे वळतो. त्याच्या नऊच दिवस आधी, ८ डिसेंबरला, वॉशिंग्टन येथे पोटोमॅक नदीत दुसरे एक विमान कोसळले होते. ऑक्टोबरमध्येही ते असेच पाण्यात पडले होते. त्यासाठी अमेरिकेच्या युद्धखात्याने ५०,००० डॉलर दिले होते. ते बनवणारे होते स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली.

लँग्ली कच्चे संशोधक नव्हते. त्यांची वाफेवर चालणारी, चालकविरहित प्रतिकृती १८९६ मध्ये सुमारे १ किलोमीटर उडाली होती. मोठ्या विमानाचे ५२ अश्वशक्तीचे इंजिनही उत्तम होते. घात झाला तो प्रतिकृती मोठी करताना. पंखांचा विस्तार सुमारे साडेतीनपट झाला. वजन मात्र ११ किलोवरून चालकासह ३४० किलोवर, म्हणजे तीसपट गेले. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट आणि घनफळ आठपट होते, हे आपण फळ्यावर शिकवतोच. हा भार सांगाड्याला पेलला नाही. लँग्लींनी मात्र दोष विमान फेकणाऱ्या यंत्रणेला दिला.

प्रयोग फसला याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या प्रकाराबद्दल. लँग्लींच्या मृत्यूनंतर, १९१४ मध्ये, स्मिथसोनियनने हे विमान ग्लेन कर्टिस यांच्याकडून पुन्हा उडवून घेतले. कर्टिस यांचा राइट यांच्याशी पेटंटवरून खटला चालू होता, म्हणजे परीक्षक तटस्थ नव्हता. त्यांनी पंखांचा आकार आणि आधार बदलले, फ्लोट जोडले, तेव्हा कुठे विमानाने छोट्या झेपा घेतल्या. नंतर ते मूळ रूपात आणून संग्रहालयात मांडले गेले आणि 'माणसासह उडण्यास समर्थ असे पहिले विमान' या अर्थाची पाटी लागली. केलेल्या बदलांचा त्यात उल्लेख नव्हता! ऑर्व्हिल राइट यांनी १९२८ मध्ये आपले विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयाकडे पाठवले. संस्थेने बदलांची यादी छापून चूक कबूल केली, ती १९४२ मध्ये.

आपल्या प्रयोगवह्यांत तरी वेगळे काय घडते? गुरुत्वत्वरण ९.८ यावे म्हणून लोलकाची निरीक्षणे मागाहून 'जुळवली' जातात आणि आपण त्यावर सही करतो. फसलेला प्रयोग जसाच्या तसा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण पूर्ण गुण द्यावेत, असे आम्हाला वाटते.