राजवाडा सावरला, चौकाचं काय?

इंदूरच्या राजवाड्याचा मोठा भाग १९८४च्या दंगलीत जळाला होता. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. अशी सात मजली वास्तू पुन्हा सावरली, याचं श्रेय द्यायलाच हवं. माझा आक्षेप आहे तो समोरच्या चौकाकडे पाहण्याच्या आपल्या नजरेवर. दर्शनी भागावर रोषणाई झाली, की चौक जिवंत झाला असं आपण धरून चालतो. लोक येतात, फोटो काढतात. पण ते थांबावेत म्हणून काय केलं, हे कोणी विचारत नाही.

उत्तर शेजारच्या सराफ्यात आहे. दिवसा तिथे सोन्या-चांदीचा व्यवहार. रात्री दुकानं बंद झाली, की त्यांच्याच ओट्यांपुढे गराडू, भुट्ट्याचा कीस, जिलबीच्या कढया. एकच गल्ली दोन पाळ्यांत चालते, आणि वर्दळीमुळे बंद दुकानांची राखणही होते. हे सवयीतून घडलं, रोषणाईतून नव्हे.

रंगपंचमीला गेर निघते तेव्हा राजवाड्यासमोर पाय ठेवायला जागा नसते. पण तो वर्षातला एक दिवस. उरलेल्या दिवसांसाठी मला दिव्यांआधी वेळापत्रक हवंय: संध्याकाळी ठरावीक वेळ गाड्या बंद, सावली, पाणी, बाक आणि हातगाडीवाल्यांना नेमून दिलेली जागा. त्यांना हुसकावून लावलं, तर चौक नीटनेटका दिसेल खरा, पण तिथे घटकाभर बसणार कोण? आपल्या वारसाफेऱ्या वाड्याच्या दारापाशी संपतात. पुढची फेरी चौकातून सराफ्यापर्यंत न्यावी, तीही रात्री.