निषेधाचा बिल्ला

राम या अमेरिकन कंपनीच्या 2026च्या हेमी इंजिनवाल्या पिकअपवर, पुढच्या चाकाच्या वरच्या पत्र्याला एक बिल्ला लावलेला असतो. एडक्याचं डोकं, आणि धडाच्या जागी इंजिनचा ठोकळा. कंपनीने त्याचं नावच ‘निषेधाचं प्रतीक’ असं ठेवलंय. निषेध कोणाचा? तर कंपनीच्याच आदल्या वर्षीच्या निर्णयाचा.

गोष्ट अशी. राम 1500 या पिकअपमध्ये वर्षानुवर्षं 5.7 लिटरचं, आठ सिलिंडरचं हेमी इंजिन मिळायचं. 2025च्या मॉडेलपासून ते बंद झालं आणि त्या जागी 3 लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बो लावलेलं ‘हरिकेन’ आलं. कागदावर नवं इंजिन सरळ जिंकतं: 420 अश्वशक्ती, हेमीची 395. तरी गिऱ्हाईक बिथरलं. जून 2025मध्ये कंपनीने हेमी परत आणत असल्याचं जाहीर केलं, कंपनीच्या प्रमुखाने आमचं चुकलं असं उघड सांगितलं, आणि बऱ्याच मॉडेल्सवर हेमीसाठी 1,200 डॉलर जास्त लावले. कमी ताकदीच्या इंजिनाला जास्त पैसे, वर निषेध फुकट.

मार्केटिंग म्हणून हे मला पहिल्यांदा भारी वाटलं. मग हळूहळू राग यायला लागला. आठवडाभर मी रात्री झोपायच्या आधी अमेरिकन मेकॅनिक लोकांचे व्हिडिओ बघत होते, आणि त्याचं कारण अमेरिका नव्हतं. कारण होतं ओतूरचा माझा मामा आणि त्याची पिकअप. त्याच्याकडे येतेच, पण आधी हा बिल्ला नीट वाचू.

टर्बोची कल्पना साधी आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी वाया जातो. त्याच्या वाटेत एक छोटं चक्र बसवायचं. ते मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून छोट्या इंजिनातून मोठ्याची ताकद. मेकॅनिकलला असताना मला हे फार देखणं वाटलं होतं, आणि नंतर वर्गातल्या निम्म्या मुलांसारखी मीही सॉफ्टवेअरमध्ये गेले तरी अजून वाटतं.

गोम ‘छोट्या’ या शब्दात आहे. रिकामी गाडी निवांत चालवली तर हे इंजिन छोट्यासारखं कमी पितं. मागे तीन टनांचा ट्रेलर जोडला की टर्बो सतत राबायला लागतो आणि इंजिन जवळजवळ व्ही-एटइतकंच पितं. सरकारी मायलेज चाचणी मात्र लॅबमध्ये, रोलरवर, मागे काही ओझं नसलेल्या गाडीवर होते. म्हणजे टर्बोचा फायदा जिथे सगळ्यात छान दिसतो तिथे परीक्षा, आणि पिकअप ज्या कामासाठी घ्यायची त्या कामात तो फायदा आटतो. (अमेरिकन शहरांतल्या कित्येक पिकअप आयुष्यभर फक्त किराणा वाहतात, हे खरंच. त्यांच्यापुरती लॅबची चाचणी बरोबर म्हणावी लागेल.)

मग कंपन्या टर्बोच्या मागे का लागल्या? तिकडे कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी मायलेजचा नियम आहे, आणि तो गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळाशी बांधलेला आहे. क्षेत्रफळ मोठं, तर लक्ष्य सोपं. त्यामुळे गाडी लहान करण्यापेक्षा गाडी अवाढव्य ठेवून इंजिन लहान करणं परवडायला लागलं. फोर्डने 2011च्या एफ-150मध्ये दोन टर्बोचं 3.5 लिटरचं इंजिन आणलं. टोयोटाने 2022च्या टुंड्रातून व्ही-एट काढूनच टाकलं. आणि हेमी परत येत असल्याचं जाहीर झालं त्याच उन्हाळ्यात, जुलै 2025मध्ये, अमेरिकेने हा नियम मोडल्याचा दंड शून्यावर आणला. वारं कुठे वाहतंय हे काही कंपन्यांना त्या दिवशी कळलं नसणार. ‘आम्ही तुमचं ऐकलं’ या वाक्याला हा एवढा संदर्भ आहे, आणि तो बिल्ल्यावर मावत नाही.

पण टर्बोला शिव्या घालणाऱ्यांचं सगळं खरं मानायलाही मी तयार नाही. मे 2024मध्ये टोयोटाने 1 लाखाच्या वर टुंड्रा आणि लेक्सस गाड्या परत बोलावल्या तेव्हा ‘बघा, टर्बो!’ असा ओरडा झाला. दोष टर्बोत नव्हताच. कारखान्यात भाग कापताना निघालेला धातूचा कीस इंजिनात राहून गेला होता आणि बेअरिंगला खात होता. वर्षभरात, एप्रिल 2025मध्ये, जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या जवळजवळ 6 लाख गाड्या परत बोलावल्या. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्ये दोष. इंजिन कुठलं? 6.2 लिटरचं व्ही-एट, टर्बो नसलेलं, तेच ते ‘जुनं ते सोनं’वालं. तपासणीत पास झालेल्या गाड्यांवर उपाय काय, तर जरा दाट ऑईल.

आणि ती परत आलेली हेमी तरी कुठे साधी आहे? गरज नसेल तेव्हा चार सिलिंडर झोपवणारी यंत्रणा तिच्यात आहे, पट्ट्याला जोडलेली 48 व्होल्टची मोटर आहे. साधेपणा म्हणून जे विकलं जातंय तो मुख्यतः आवाज आहे. आवाज आवडणं यात वाईट काही नाही, मला बुलेटचा आवडतो. पण आवाजाला निषेध म्हणू नये.

‘नको असलेल्या फीचर्स’च्या यादीतही असाच घोळ आहे. त्या यादीत मागचा कॅमेरा असतो, सिग्नलला आपोआप बंद पडणारं इंजिन असतं, एसीचं बटण गिळून बसलेला स्क्रीन असतो. तिन्ही एका पिशवीत घालतात, आणि तिथेच मला ही टीका आळशी वाटते. मागचा कॅमेरा अमेरिकेत मे 2018पासून सक्तीचा आहे, कारण गाडी मागे घेताना मागे उभी असलेली पोरं चाकाखाली जात होती. ते फीचर गाडीत बसलेल्यासाठी नाहीच. स्क्रीनमध्ये लपवलेल्या बटणांचं समर्थन मात्र मला कुठूनच करता येत नाही. युरोपातल्या सुरक्षा चाचणीने तर 2026पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा गोष्टींना हाताला लागणारी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलंय.

सिग्नलला बंद पडणाऱ्या इंजिनाची गोष्ट माझ्या धंद्याच्या जास्त जवळची. बऱ्याच गाड्यांत ते बंद करायचं बटण असतं, पण गाडी पुन्हा चालू केली की सेटिंग मूळ पदावर. रोज दाबा. लोकांना हा बग वाटतो. बग नाही. चाचणी मूळ सेटिंगवर होते, म्हणून मूळ सेटिंग हलू द्यायचं नाही. डिफॉल्ट म्हणजे कोणीतरी तुमच्या वतीने घेतलेला निर्णय असतो, आणि ऑफिसात मी तेच करते. वापरणाऱ्याला नको असलेला पर्याय तीन पडदे आत ढकलायचं काम मी स्वतः केलंय. तिकीट आलं, कोड लिहिला, मर्ज केला, घरी गेले.

आता मामा.

आपल्याकडे टर्बोचा वाद केव्हाच मिटलाय. 2005मध्ये टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, आला तेव्हा त्याचं इंजिन खरोखर साधं होतं: 702 सीसी, दोन सिलिंडर, 16 अश्वशक्ती, टर्बो नाही. पण मोठ्या डिझेल पिकअपमध्ये टर्बो रुळला आणि मेस्त्री लोकांनी तो शिकून घेतला. ओतूरचा मामाचा मेस्त्री टर्बो उघडून साफ करून परत बसवतो, वर चहा पाजतो. बदल झाला एप्रिल 2020ला, बीएस-6 आलं तेव्हा. सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी आली. ती भरली की स्वतःच्या उष्णतेने काजळी जाळून मोकळी होते, पण त्यासाठी गाडी बराच वेळ एका वेगात, तापलेली पळावी लागते. मामाची पिकअप दिवसभर काय करते? शेतातून कॅरेट भरायचे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बांधावरून रस्त्याला यायचं, चार किलोमीटरवर उतरवायचे, परत. इंजिन तापतच नाही. जाळी भरत राहते.

गेल्या पावसाळ्यात टोमॅटो घेऊन तो वाशीला निघाला होता. माळशेज उतरून टोकावड्याच्या पुढे डॅशबोर्डवर दिवा लागला, इंग्रजीत एक ओळ आली, आणि गाडी चाळिसाच्या वर जाईना. इंजिनाला काही झालं नव्हतं. सॉफ्टवेअरने ठरवलं होतं की आता हळूच जायचं. वाशीत पोचेपर्यंत भाव उतरला होता. पहाटे त्याने मला फोन करून ती ओळ अक्षर अक्षर लावून वाचून दाखवली आणि म्हणाला, “पोरी, तुमच्या कंप्युटरनं गाडी दाव्याला बांधली की माझी.”

कंपनीच्या वर्कशॉपात लॅपटॉप जोडून जाळी साफ करून दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा दिवा. ओतूरच्या मेस्त्रीने आतून काजळी बघितली, पण साफसफाईचा हुकूम फक्त कंपनीचा लॅपटॉप देतो. मग कोणीतरी मामाला सांगितलं की जाळीच काढून टाकतात, कंप्युटरला ती आहे असं भासवतात, काही हजारांत काम होतं. मामाने विचारलं, “करू का?”

इथे माझी सगळी टीका अडखळली. त्याची आधीची पिकअप मला आठवते. तिला दिवा नव्हता, ओळ नव्हती, आणि चढाला ती असा काळा धूर सोडायची की मागून मोटारसायकलवर येणारी माणसं रुमाल तोंडाला लावायची. मामी दोन वर्षांपासून दम्याचा पंप वापरते. तिचं घर रस्त्याला लागून आहे, आणि त्या रस्त्यावरून दिवसाला अशा किती पिकअप जातात मोजायची सोय नाही. जाळी हे मामाला नको असलेलं फीचर आहे, पण ते मामीसाठी आहे. कॅमेऱ्यासारखंच.

मी नको म्हणाले. मग तो म्हणाला, “बरं, मग तू सांग काय करू.” हा प्रश्न त्या बिल्ल्यावाल्यांना कोणी विचारत नाही. जाळी असायलाच हवी हे कबूल. पण ती साफ करायची किल्ली ओतूरच्या मेस्त्रीच्या हातात का नको, ती ओळ मराठीत का नको, भरत आल्याचं चार दिवस आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? यातलं एकही काम टर्बो काढल्याने होत नाही. हेमी बसवल्यानेही नाही. ही माझ्यासारख्या कोणीतरी टेबलावर बसून चार ओळी वेगळ्या लिहिण्याची कामं आहेत, आणि ते तिकीट कोणी काढलेलं नाही.

दिवाळीला मी गाडीच्या सॉकेटला जोडायचं एक छोटं यंत्र घेऊन गेले. मामा शेजारी बसला, मी मोबाईलवर ॲप उघडलं. जाळी किती भरलीय तो आकडा दिसला. साफसफाईचं बटणही होतं, राखाडी रंगाचं, दाबून दबत नव्हतं. मामाने चष्मा वर करून आकडा बघितला आणि विचारलं, “किती झाला की घाबरायचं?” मी अंदाजाने सांगितला.

आता दर रविवारी संध्याकाळी तो यंत्र जोडतो, मोबाईल स्टीअरिंगपाशी टेकवतो आणि रिकामी पिकअप घेऊन आळेफाट्यावरून संगमनेरच्या दिशेला अर्धा तास एका वेगात जातो. आकडा खाली आला की वळून घरी. डिझेल त्याचंच. परवा मामी पण सोबत गेली होती, तेवढंच फिरणं म्हणून.