चिमूटभर हिमनदी

मराठीत एका रंगाचे नावच तपकिरीवरून पडले आहे, पण ती वस्तू नाकाशी धरलेला माणूस आजच्या तरुण वाचकाने क्वचितच पाहिला असेल. मी घरातच पाहिला आहे. आजोबांच्या कोटाच्या आतल्या खिशात पत्र्याची चपटी डबी असे. झाकणावर दोन टिचक्या, मग अंगठा आणि तर्जनीत चिमूट, मग एक नाकपुडी, मग दुसरी, आणि शेवटी धोतराच्या सोग्याला पुसलेली बोटे. डबी उघडली की पिपरमिंटचा झोत माझ्यापर्यंत येई. “नाक मोकळं होतं,” हे त्यांचे ठरलेले समर्थन होते. या वाक्याकडे मला पुढे परत यायचे आहे.

नोकरीच्या निमित्ताने मी चार वर्षे म्युनिकमध्ये होतो. बव्हेरियात तपकीर अजून चालू व्यवहारात आहे. ऑक्टोबरफेस्टच्या तंबूत बिअरच्या मगाशेजारी तपकिरीची डबी दिसते, तंबाखूच्या दुकानात गल्ल्याजवळ लहान डब्यांची चळत असते. लांड्सहूटजवळच्या गाइझेनहाउझेन इथला प्योश्ल हा १९०२ साली सुरू झालेला कारखाना या धंद्यातले मोठे नाव. त्यांची ‘ग्लेत्शरप्रीझे’ ही मेंथॉलची तपकीर सगळ्यांच्या ओळखीची. ग्लेत्शर म्हणजे हिमनदी, प्रीझे म्हणजे चिमूट. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी लागते. वास कसला आहे याबद्दल त्या नावात अक्षरही नाही, फक्त थंडीचे आश्वासन आहे.

बव्हेरियाची जुनी तपकीर मात्र वेगळी आहे. तिला श्माल्त्स्लर म्हणतात. आंबवलेला ब्राझीलचा तंबाखू, गडद रंग, हाताला ओलसर. पूड उडू नये आणि नाकाला झोंबू नये म्हणून तिच्यात पूर्वी चरबी किंवा कढवलेले लोणी घालत, त्यावरूनच हे नाव. आता ते काम तेल करते. चांगल्या श्माल्त्स्लरला मनुकांचा, कोकोचा, पहिल्या पावसानंतरच्या गोठ्याचा वास असतो. गोठ्याचा वास ही तक्रार नव्हे, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

दोन्ही प्रकारांच्या डब्या आणून मी वहीत गुण मांडू लागलो. दळण, ओलावा, डबीतला वास, नाकातला वास, मागे राहणारा वास असे रकाने होते. शौकीन मंडळी असेच करतात. त्यांच्या गुणपत्रिका मी वाचत असे आणि एक गोष्ट खटकत असे. मेंथॉलच्या तपकिरीवर बोलताना ही माणसे ‘ताजी’, ‘स्वच्छ’, ‘जोरदार’ असे शब्द वापरतात. श्माल्त्स्लरबद्दल तेच लोक तंबाखूच्या पानाविषयी, आंबवण्याविषयी बोलतात. म्हणजे एका ठिकाणी ते वासाचे परीक्षण करत होते आणि दुसऱ्या ठिकाणी थंडीची ताकद मोजत होते, आणि दोहोंची बेरीज एकाच आकड्यात करत होते.

थंडी हा वास नाही. बाम कपाळाला लावला तरी थंड वाटते, आणि कपाळाला काही वास येत नाही. मेंथॉललाही पुदिन्याचा वास आहे आणि तो गंधाच्या मज्जातंतूने कळतो, पण त्याचा गारवा चेहऱ्याच्या त्रिशाखी मज्जातंतूने कळतो. मिरचीचा तिखटपणा आणि कांद्याची झोंब ज्या वाटेने जाते तीच ही वाट. थंडी ओळखणारा आणि मेंथॉलने फसणारा ग्राहक प्रथिनरेणू २००२ साली दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे शोधला. त्या शोधांमागचे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना तापमान व स्पर्शाच्या ग्राहकांबद्दल २०२१ चे नोबेल मिळाले. मेंथॉल काहीही गार करत नाही. थंडीची बातमी देणाऱ्याला ते खोटी बातमी द्यायला लावते.

‘नाक मोकळं होतं’ हेही त्याच बातमीतले. कार्डिफच्या रॉन एकल्स यांनी १९८० च्या दशकात मेंथॉल हुंगलेल्या माणसांच्या नाकातला हवेचा अडथळा मोजला. माणसांना श्वास मोकळा झाल्यासारखा वाटत होता. मोजमापात अडथळा तसा कमी झालेला नव्हता. आजोबा खोटे बोलत नव्हते. त्यांचे नाक त्यांच्याशी खोटे बोलत होते.

मग मी एक चाचणी केली. जर्मनीत तंबाखू नसलेली पांढरी पूडही मिळते, ग्लुकोज आणि मेंथॉलची. एका मित्राला म्हटले, मी डोळे मिटतो, तू ही पूड, मेंथॉलची तपकीर आणि श्माल्त्स्लर यांच्या चिमटी उलटसुलट क्रमाने माझ्या मनगटावर ठेव. श्माल्त्स्लर मी दरवेळी ओळखली. पांढऱ्या पुडीला मात्र मी दोनदा तंबाखू म्हणालो, आणि एकदा तर ‘पान चांगल्या प्रतीचे आहे’ असा शेराही मारला. मित्र भला माणूस, तो हसला नाही.

यावर मला सुचलेला उपाय साधा होता. मेंथॉल उडून जाणारे द्रव्य आहे. रात्री प्रत्येक डबीतली चिमूट पांढऱ्या कागदावर पसरून ठेवायची आणि सकाळी चहाच्या आधी, नाकात न ओढता, नुसती हुंगायची. बराचसा गारवा रात्रीतून निघून जातो आणि त्याने काय झाकले होते ते उघडे पडते. ‘ग्लेत्शरप्रीझे’च्या कागदावर मला सुक्या गवतासारखा, किंचित गोडसर तंबाखू सापडला. थोडा, पण खरा. आणखी एका डबीत मनुकांचा स्पष्ट वास होता, जो ओढताना एकदाही जाणवला नव्हता. उरलेल्या चारांच्या कागदांवर जवळजवळ काहीच नव्हते, लाकडाच्या भुशासारखी कोरडी धूळ. त्यातल्या दोघींना मी आधी दहापैकी आठ गुण दिले होते. तेव्हापासून माझे मत असे की मेंथॉलच्या तपकिरीचे परीक्षण दुसऱ्या दिवशी सकाळी करावे, आणि जी कागदावर उरत नाही तिला तपकीर म्हणून गुण देऊ नयेत. तिचा गारवा बाजारातल्या अमृतधारेतही मिळतो.

या पद्धतीचा मला काही दिवस अभिमान होता. मग वही चाळताना गुणांचा चढ दिसला. तीच डबी, तेच रकाने, पण तिसऱ्या आठवड्यातले गुण पहिल्या आठवड्यापेक्षा जास्त. संध्याकाळचे गुण सकाळपेक्षा जास्त. डबीत काही बदलले नव्हते. लंडनमध्ये मायकेल रसेल आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास दाखवले होते की नाकातल्या तपकिरीतून निकोटीन काही मिनिटांतच रक्तात चढते, जवळपास सिगारेटच्या तोडीने. म्हणजे पहिल्या मिनिटात मेंथॉल परीक्षकाला फसवते आणि ते ओसरते न ओसरते तोच निकोटीन त्याच्या हातावर पैसे ठेवते. विद्यार्थ्याकडून लाच घेऊन मी गुण वाढवत होतो, आणि वर रकाने आखत होतो.

यात मेंथॉलचा आणखी एक हात आहे. निकोटीनची झोंब ते बोथट करते. श्माल्त्स्लरची चिमूट थोडी मोठी झाली तर नाक लगेच बजावते. मेंथॉलच्या तपकिरीत ते बजावणे ऐकूच येत नाही. माझी श्माल्त्स्लरची दहा ग्रॅमची डबी महिनाभर पुरली. मेंथॉलची तेवढीच डबी बाराव्या दिवशी संपली. युरोपीय संघाने मे २०२० पासून मेंथॉलच्या सिगारेटी बंद केल्या, त्यामागेही धूर सुसह्य होऊन नवख्यांचे ओढणे सोपे होते हा विचार होता. तपकीर त्या बंदीतून सुटली. गिऱ्हाईक थोडे, म्हणून असेल.

आणि हे झाकणे निरुपद्रवी नाही. लंडनचे वैद्य जॉन हिल यांनी १७६१ मध्येच तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकातल्या गाठींबद्दल लिहून ठेवले आहे. आज धूर नसलेला तंबाखूही माणसात कर्करोग घडवतो, यावर आरोग्यसंस्थांत दुमत नाही. वासाच्या रसिकतेने लिहिणाऱ्या मंडळींच्या गुणपत्रिकेत यासाठी रकाना नसतो. माझ्याही नव्हता.

शेवटच्या काही वर्षांत आजोबांना वास येईनासा झाला होता. स्टोव्हवरचे दूध करपून खाली लागले तरी ते शेजारच्या खोलीत शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसत. वयामुळे असेल, तपकिरीमुळे असेल. पण डबी त्यांनी सोडली नाही, आणि का सोडली नाही ते मला म्युनिकमध्ये कळले. वास गेलेल्या नाकालाही गारवा कळतो, त्याची वाट वेगळी. ते ज्याला तपकीर म्हणत होते त्यात तपकिरीचा वास त्यांच्यापुरता उरलाच नव्हता.

ती वही अजून माझ्याकडे आहे. चार डब्यांचे गुण खोडले आहेत, दोघींचे कागदावरचे गुण तेवढे ठेवले आहेत, सहा आणि साडेसहा. ओढून दिलेल्या गुणांच्या रकान्यावर शेवटच्या दिवशी एक आडवी रेघ मारली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी पुन्हा दुकानात गेलो होतो, तेव्हा वही बरोबर नव्हती.