'१४ फ्रेंच' म्हणजे नक्की किती? झडप नेणाऱ्या कॅथेटरवरचे पेपर वाचताना

पेट किंवा नेटची तयारी करताना आपण पेपर वाचतो ते बहुतेक वेळा निष्कर्ष टिपून घेण्यासाठी. मुलाखतीत मात्र विचारतात, "यातलं तुम्हाला काय पटलं नाही?" आणि तिथे गाडी अडते. म्हणून आज एकच आकडा घेऊ आणि तो नीट उलटापालटा करून बघू. मी विज्ञान शाखेचा आहे, वैद्यकीय डॉक्टर नाही. त्यामुळे कुणी कोणती झडप बसवावी हे इथे सापडणार नाही. डिझाइनचा दावा तपासायचा कसा, एवढाच विषय आहे.

आधी पार्श्वभूमी. म्हातारपणी महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप कॅल्शियम साठून कडक होते, उघडेनाशी होते. छाती न उघडता, मांडीतल्या धमनीतून कॅथेटर घालून तिथे नवी झडप बसवायची, याला टॅव्ही म्हणतात. फ्रान्समधल्या रूआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी माणसात अशी झडप पहिल्यांदा बसवली, मात्र धमनीतून नव्हे, तर मांडीतल्या शिरेतून. तेव्हा शीथ, म्हणजे रक्तवाहिनीत बसवायची प्रवेशनळी, २४ फ्रेंचची होती. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे २४ फ्रेंच झाले ८ मिमी.

२०१० साली 'पार्टनर' चाचणीचा पहिला मोठा निकाल आला. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा ३५८ रुग्णांत, टॅव्ही झालेल्यांपैकी ३०.७ टक्के वर्षभरात दगावले; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हेच प्रमाण ५०.७ टक्के होतं. पण पहिल्या ३० दिवसांत रक्तवाहिनीला मोठी इजा झाली ती १६.२ टक्के विरुद्ध १.१ टक्के. नळ्या २२ आणि २४ फ्रेंचच्या होत्या. तिथून अभियंत्यांचं लक्ष्य ठरलं: नळी बारीक करा. आज पत्रकांवर झळकतो तो आकडा १४ फ्रेंच, म्हणजे ४.६७ मिमी.

पहिली शंका: व्यास कुठला?

शीथचा फ्रेंच आकडा आतल्या पोकळीचा असतो. धमनीला मात्र बाहेरचा व्यास सोसावा लागतो. 'इव्होल्यूट आर' या झडपेची यंत्रणा '१४ फ्रेंच समतुल्य' म्हणून सांगितली जाते. तिचा बाहेरचा व्यास १८ फ्रेंच, म्हणजे पूर्ण ६ मिमी आहे. 'सेपियन ३' ची १४ फ्रेंच शीथ तर झडप आतून जाताना फुगते आणि मग परत आकसते. म्हणजे लेबलवर आकडा तोच, पण धमनीचा अनुभव वेगळा.

याने फरक काय पडतो? २०११ मध्ये हायाशिदा आणि सहकाऱ्यांनी एक साधं गुणोत्तर मांडलं: शीथचा बाहेरचा व्यास भागिले धमनीचा आतला व्यास. हे १.०५ च्या वर गेलं की इजेचा धोका वाढतो, असं त्यांना दिसलं. आता सावेडीतली सत्तरी ओलांडलेली, बारीक चणीची एखादी आजी डोळ्यांसमोर आणा. समजा तिची धमनी ५.५ मिमीची आहे. लेबलवरचे ४.६७ घातले तर गुणोत्तर येतं ०.८५, सगळं आलबेल. बाहेरचे ६ मिमी घातले तर १.०९, म्हणजे रेषेच्या पलीकडे. आजी तीच, धमनी तीच. आपण कोणता आकडा उचलला त्यावर उत्तर फिरलं. (१.०५ ही काही दगडावरची रेघ नाही. ती त्या काळच्या शीथवरून काढलेली आहे, हेही लक्षात असू द्या.)

दुसरी शंका: बारीक करताना सोडलं काय?

तुंबलेल्या पाइपात ठिबकची नळी कधी ढकलून पाहिली आहे? मऊ नळी मध्येच दुमडते, कडक नळी वळणावर अडते. कॅथेटरचं हेच दुखणं आहे. भरीव दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. व्यास २० टक्के कमी केला तर तो विरोध ४१ टक्क्यांवर येतो. पोकळ नळीचं सूत्र थोडं वेगळं असलं तरी दिशा तीच. मग तारांची वीण घालून ताकद परत आणावी लागते, आणि वीण म्हटलं की भिंतीची जाडी आली.

झडपेचंही तसंच. नव्या झडपेच्या कडेने रक्त मागे गळू नये म्हणून 'इव्होल्यूट प्रो' वर बाहेरून ऊतीचं आवरण दिलं, आणि यंत्रणा १४ वरून १६ फ्रेंच समतुल्य झाली. गळती कमी करायची तर जाडी वाढते. पुढच्या 'प्रो प्लस' मध्ये बहुतेक मापांसाठी ती पुन्हा १४ वर आणली.

सर्वांत बोलकं उदाहरण फुग्याने उघडणाऱ्या झडपांचं. 'सेपियन ३' मध्ये झडप फुग्यावर न दाबता त्याच्या मागे, दांड्यावर दाबतात. दोन्ही एकाच जागी नसल्याने जाडी वाचते. पण मग शरीरात गेल्यावर, महाधमनीच्या सरळ भागात, फुगा झडपेच्या आत ओढून घ्यावा लागतो. म्हणजे मिलिमीटर वाचले, पण डॉक्टरांच्या हातची एक पायरी वाढली. वापीच्या मेरिल कंपनीची 'मायव्हॅल' उलट्या वाटेने जाते. झडप बाहेरच थेट फुग्यावर दाबतात, त्यामुळे ती पायरी नाही, आणि झडप पुढे सरकेना तर तशीच शीथमधून मागे घेता येते. जाडीचा प्रश्न फुगणाऱ्या १४ फ्रेंच शीथवर सोपवलेला आहे. दोन्हीकडे तडजोड आहेच, फक्त ती वेगवेगळ्या जागी ठेवली आहे.

तिसरी शंका: चाचणीत हे दिसतं का?

मायव्हॅलची 'लँडमार्क' चाचणी २०२४ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये आली. ७६८ रुग्ण, १६ देश. यश मोजलं एका एकत्रित निकषावर: मृत्यू, पक्षाघात, रक्तस्राव, मूत्रपिंडाची इजा, रक्तवाहिनीची मोठी इजा, झडपेची गळती, कायमचा पेसमेकर, यांपैकी काहीही ३० दिवसांत झालं का? मायव्हॅलमध्ये २५ टक्के, तुलनेच्या गटात २७ टक्के. निष्कर्ष: 'कमी दर्जाची नाही'.

भारतीय झडप जगातल्या नावाजलेल्या झडपांसमोर उभी राहिली, याचा आनंद आहेच. पण संशोधक म्हणून तीन गोष्टी खटकायला हव्यात. पहिली, ठरवलेली मुभा १०.४४ टक्के-बिंदूंची होती. एवढी सैल पट्टी असेल तर छोटे फरक पकडले जात नाहीत. दुसरी, पेसमेकर आणि मृत्यू एकाच टोपलीत आहेत, आणि तुलनेच्या गटात सेपियन आणि इव्होल्यूट दोन्ही एकत्र आहेत. त्यामुळे कॅथेटरच्या रचनेचा वाटा किती, हे मुख्य आकड्यातून निघत नाही. तिसरी, त्या १६ देशांत भारत नाही. भारतात ३० रुग्णांवरचा पहिला अभ्यास झाला होता, पण मोठ्या तुलनेत आपली ती बारीक चणीची आजी नव्हती.

आणखी एक सापळा. 'पार्टनर ३' मध्ये, २०१९ साली, रक्तवाहिनीची मोठी इजा २.२ टक्क्यांवर आली. १६.२ वरून २.२, म्हणजे बारीक नळीची कमाल? घाई नको. पहिले रुग्ण शस्त्रक्रिया न झेपणारे, सरासरी ८३ वर्षांचे. नंतरचे कमी धोक्याचे, सरासरी ७३ वर्षांचे. मधल्या काळात सीटी स्कॅनवर मोजणी सुधारली, डॉक्टरांचे हात बसले. नळीचा वाटा असणारच, पण या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून तो मोजता येत नाही.

तर गृहपाठ. कोणत्याही उपकरणावरचा पुढचा पेपर घेताना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा 'काय सुधारलं', उजवीकडे 'ते कशाच्या बदल्यात'. डावी बाजू लेखक गोषवाऱ्यातच भरून देतात. उजवी भरायला पद्धतीचा भाग, पुरवणी तक्ते आणि उपकरणाची वापरपुस्तिका उघडावी लागते. ती बाजू कोरीच राहिली, तर पेपर अजून वाचून झालेला नाही असं समजा. आणि तिथे जो प्रश्न अनुत्तरित राहील तो खोडू नका; तुमच्या सिनॉप्सिसची सुरुवात तिथूनच होऊ शकते.