हाताचे शिक्षण आणि शब्दाचे शिक्षण

स्टीफन हॅरिस या गोऱ्या अभ्यासकाने उत्तर ऑस्ट्रेलियातील मिलिंगिंबी येथे योल्ङू आदिवासी मुलांचे शिकणे जवळून पाहिले. ही मुले निरीक्षण आणि अनुकरण करून, चुकतमाकत, प्रत्यक्ष कामातून शिकतात. शब्दांतून शिकणे त्यांच्या रीतीत कमी, असा त्याच्या १९८० च्या दशकातील लेखनाचा निष्कर्ष. गोऱ्यांची शाळा ज्या मुलांना मठ्ठ ठरवीत होती, त्यांच्या बाजूने तो उभा राहिला, हे मान्य केले पाहिजे.

पण दलित वाचक इथे थबकल्याशिवाय राहणार नाही. एकाच्या वाट्याला हात आणि दुसऱ्याच्या वाट्याला शब्द, ही विभागणी आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. मनूने ती कौतुकाच्या भाषेत केली नाही, एवढाच काय तो फरक! शिवाय 'शैली'च्या चर्चेत इतिहास निसटतो. न्यू साउथ वेल्समध्ये गोऱ्या पालकांनी हरकत घेतली की आदिवासी मुलाला सरकारी शाळेतून काढता येई. मुख्याध्यापकांचा हा अधिकार १९७२ पर्यंत टिकला. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत महार मुलाला प्रवेश नाकारताना इतर मुले शाळा सोडतील हीच सबब होती.

यिर्कालाच्या योल्ङूंनी वेगळी वाट काढली. त्यांच्या 'गुरुटू' या नातेव्यवस्थेत प्रत्येकाचे प्रत्येकाशी नाते ठरलेले असते आणि नात्यांची नावे पिढ्यांमागून चक्राकार परत येतात. तिथल्या शाळेने 'गार्मा गणित' या अभ्यासक्रमात ही व्यवस्था आणि संख्याव्यवस्था शेजारी शेजारी ठेवली. ज्यांना अमूर्त विचार झेपत नाही असे म्हटले गेले, त्यांच्या घरात मुले आजीकडूनच अमूर्त रचना शिकत होती. १९९० मध्ये मंदावुय युनुपिंगू या शाळेचे मुख्याध्यापक झाले. योल्ङू शाळेचा प्रमुख योल्ङू! १८८२ साली हंटर आयोगापुढे शेतकरीवर्गातलेच शिक्षक मागणाऱ्या जोतीरावांनी शेतीच्या ज्ञानाबरोबर मोडी, बालबोध आणि हिशेबही मागितला होता. हात हवा आणि अक्षरही हवे.

यिर्कालानेही इंग्रजी नाकारली नव्हती. आपल्या भाषेच्या पायावर ती मागितली होती. २००८ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने जाहीर केले, की शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतूनच चालतील. ही घोषणा करणाऱ्या शिक्षणमंत्री मॅरियन स्क्रिमगॉर स्वतः आदिवासी होत्या. मंत्रिपदावर आपला माणूस बसला म्हणजे शाळा आपली झाली असे समजणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही घटना जरूर अभ्यासावी.