'राऊ' आणि तिचे वाचक

एखाद्या कादंबरीचे परीक्षण करणे ही एक गोष्ट, आणि त्या कादंबरीविषयी वाचकांनी बनविलेल्या मतांचे परीक्षण करणे ही दुसरी. पहिली गोष्ट मासिकांतून नित्य होत असते. दुसरीकडे टीकाकारांचे लक्ष क्वचितच जाते. वाचकाने पुस्तक डोक्यावर घेतले की त्यास भोळा म्हणावयाचे आणि बाजूस सारले की अरसिक म्हणावयाचे, एवढ्यावर बहुधा काम भागविले जाते. परंतु जे पुस्तक अर्धशतकाहून अधिक काळ घराघरांतून फिरत राहिले आहे, त्याविषयी लोक काय बोलतात आणि नेमके तेच का बोलतात, याचा विचार केल्यास त्या पुस्तकाचे गुणदोष निराळ्याच बाजूने दृष्टीस पडतात. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' या कादंबरीविषयी आम्हांस तसाच विचार करावयाचा आहे.

'राऊ' १९७२ साली प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी इनामदारांनी 'झेप'मध्ये त्रिंबकजी डेंगळे, 'झुंज'मध्ये यशवंतराव होळकर आणि 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरा बाजीराव यांस नायकपद दिले होते. इतिहासाने ज्यांच्यावर ठपका ठेवला, त्यांची बाजू एकदा तरी ऐकून घ्यावी, अशी या लेखकाची वृत्ती होती. पहिल्या बाजीरावाची गोष्ट वरवर पाहता निराळी. पालखेडास निजामास कोंडणारा, १७२९ साली छत्रसालाच्या हाकेस धावून बंगषाच्या वेढ्यातून त्यास सोडविणारा, १७३७ साली थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभा राहणारा हा सेनापती. त्याच्या पराक्रमाविषयी वाद नाही. वाद आहे तो त्याच्या घरातील गोष्टीविषयी, आणि इनामदारांनी उचलली ती तीच गोष्ट.

पनवेल तालुक्यात खाडीच्या अंगास उलवे हे गाव आहे. सिडकोने तेथे नवी वस्ती वसविली, शेजारी झालेल्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, आणि कोठकोठची कुटुंबे तेथे एका जिन्यावर येऊन राहिली. कोणी पुण्याकडची, कोणी रत्नागिरीची, कोणी खानदेशातील, कोणी तेथलीच आगरी-कोळी. अशा काही सुशिक्षित कुटुंबांतून 'राऊ'ची एकच प्रत हातोहात फिरली आणि त्यांची मते ऐकण्याचा योग आम्हांस आला. ती थोडक्यात अशी.

एका निवृत्त शिक्षकांस कादंबरी रुचली नाही. ज्याने रणात कधी हार खाल्ली नाही, त्यास विरहाने झुरताना दाखवून लेखकाने त्याचे तेज उणे केले, असे त्यांचे म्हणणे. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी म्हणाली की, साऱ्या वाड्यात आपल्याला काय हवे हे मस्तानी एकटीलाच ठाऊक आहे. राधाबाई आणि चिमाजी अप्पा निर्दय आहेत. तिच्या आईस ते मान्य नव्हते. काशीबाईंच्या सोसण्याचे सर्वांनी कौतुक करावे आणि त्यांच्या मनाची विचारपूस कोणी करू नये, हा कोठला न्याय, असे त्या विचारीत होत्या. इंजिनिअर असलेल्या एका तरुणाने बोलपट आधी पाहिला होता व पुस्तक मागाहून वाचले. त्यास लढाया थोड्या वाटल्या, आणि यातले खरे किती हा त्याचा प्रश्न होता. शेवटी एका आजींनी सर्वांस निरुत्तर करील असा कौल दिला. त्या म्हणाल्या, "राधाबाईंच्या जागी मी असते, तर दुसरे काय केले असते? घरात मुंजी व्हावयाच्या, लग्ने व्हावयाची. भटजीच आले नाहीत तर वाड्याची अब्रू काय राहिली असती?"

ही मते परस्परविरुद्ध आहेत; तरी एका बाबतीत ती सारखीच आहेत. प्रत्येकाने कादंबरी हा एक खटला मानला आहे. कोणी बाजीरावाचे वकीलपत्र घेतले, कोणी मस्तानीचे, कोणी राधाबाईंचे. स्वभावचित्र साधले की नाही, प्रसंगांची गुंफण कशी आहे, भाषा कशी आहे, हे प्रश्न कोणीच काढले नाहीत. हा वाचकांचा उणेपणा आहे काय? आमच्या मते नाही. ज्या जातीची ही कादंबरी आहे, त्या जातीनेच वाचकास न्यायाधीशाच्या आसनावर बसविले आहे.

ही जात नीट ओळखावयाची तर थोडे मागे गेले पाहिजे. सर वॉल्टर स्कॉट याने १८१४ साली 'वेव्हर्ली' लिहिली, तेव्हापासून ऐतिहासिक अद्भुतरम्य कादंबरीचा एक संकेत रूढ झाला. नायक कल्पित असावयाचा. खरा राजा, खरा सेनापती मागे उभा असावयाचा. आपल्याकडे रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली पुस्तकरूपाने आली, ती या संकेतास धरून. तीत शिवकाल खरा, पण किल्ला लेखकाच्या मनातला. हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाल'मध्येही कल्पित किल्लेदाराचा कल्पित पुत्र पुढे चालतो आणि शिवाजीमहाराज त्याच्या वाटेत भेटतात. या योजनेत वाचकाची मोठी सोय होती. कल्पित नायकाने प्रेम करावे, रडावे, चुकावे. इतिहासास धक्का लागत नसे. 'हे खरे काय?' असा प्रश्न फार तर पार्श्वभूमीविषयी उत्पन्न होई.

१९६२ साली रणजित देसाई यांची 'स्वामी' आली आणि ही मधली भिंत पडली. थोरले माधवराव स्वतः नायक झाले, त्यांचे व रमाबाईंचे एकान्तातले बोलणे वाचकाच्या कानी पडू लागले. पुढील पिढीच्या बहुतेक ऐतिहासिक कादंबऱ्या याच वाटेने गेल्या, 'राऊ'ही गेली. परिणाम असा झाला की, जो पुरुष पाठ्यपुस्तकात आहे, ज्याचा अश्वारूढ पुतळा शनिवारवाड्यासमोर आहे, त्याचेच अंतःकरण कादंबरीकार उघडून दाखवितो. असा पुरुष सर्वांच्या मालकीचा असतो. त्याच्या तोंडी घातलेल्या प्रत्येक शब्दाचा जाब वाचक विचारणारच.

मस्तानीच्या बाबतीत हा जाब अधिकच अवघड होतो, कारण साधने अत्यल्प आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. बाजीरावाच्या कूच-मुक्कामांविषयी, कर्जाविषयी, सरदारांविषयी त्यांतून पुष्कळ कळते. मस्तानीचे नाव मात्र येते ते इतरांच्या लेखणीतून, आणि बहुधा तक्रारीच्या किंवा काळजीच्या सुरात. ती छत्रसालाची कन्या होती की दरबारातील कलावंतीण, याविषयीही एकवाक्यता नाही. १७३९ च्या अखेरीस ती पहाऱ्यातून निसटून पाटसास बाजीरावाकडे गेली व तिला परत आणण्यात आले. पुढे बाजीराव नासिरजंगाच्या मोहिमेवर असता ती कैदेत होती. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव निवर्तला आणि त्याच सुमारास तीही गेली. पाबळास तिची कबर आहे. एवढ्या चार-दोन गोष्टी हाती लागतात. तिच्या स्वतःच्या मनाचा ठाव देणारे काही त्यांत सापडत नाही. म्हणजे नायक सर्वांच्या परिचयाचा, आणि नायिका जवळजवळ कोऱ्या कागदासारखी. इनामदारांनी त्या कोऱ्या कागदावर लिहिले.

'यातले खरे किती' या तरुणाच्या प्रश्नास म्हणूनच असे उत्तर द्यावे लागते की, तारखा, स्थळे व माणसे खरी, संभाषणे लेखकाची. पण हे उत्तर पुरेसे नाही. खरी कसोटी अशी की, कोरी जागा भरताना लेखकाने सोयीची वाट धरली की अवघड? सोयीची वाट म्हणजे कोणा एकास दुष्ट ठरविणे. चिमाजी अप्पांस खलपुरुष केले असते, तर गोष्ट सोपी झाली असती. परंतु उलव्याचा वाचक ज्या उत्तर कोकणात राहतो, त्याच भूमीत १७३७ ते १७३९ या काळात अप्पांनी पोर्तुगीजांशी झुंजून वसई घेतली. भावाच्या दौलतीसाठी ज्याने जीव पणास लावला, तोच भावाच्या प्रियेस पहाऱ्यात ठेवतो, आणि भाऊ गेल्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्वतःही जातो. हे दोन्ही अप्पा एकच आहेत हे इनामदार विसरत नाहीत. त्यांच्या कादंबरीत जो तो आपापल्या परीने वाड्याचे भले पाहतो, आणि सर्वांच्या भले पाहण्यातून सर्वांचा नाश होतो. 'राऊ'चे खरे बळ येथे आहे.

शिक्षकांच्या आक्षेपाविषयी आम्ही एवढेच म्हणू की, रणातील धैर्य आणि घरातील असहायता यांचा विरोध हाच या विषयाचा प्राण आहे. दिल्लीपर्यंत ज्याची सत्ता चालते, त्याची सत्ता आपल्या माजघरात चालत नाही. हे दाखविल्याने तेज उणे होत नाही, त्याची मर्यादा कळते. तथापि त्यांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊही नाही. छावणी आणि वाडा यांचा तोल कादंबरीत राहिलेला नाही. घोडदौडीचा वेग, रसदीची विवंचना, सावकारांचा तगादा, ज्यांतून तो सेनापती घडला, ती वाड्यातील दुःखापुढे फिकी पडतात. शिवाय अदबीची, अलंकृत भाषा इतकी अखंड वाहते की, कित्येक ठिकाणी दुःखास दुःखाची उघडी वाणी मिळत नाही. इंजिनिअर तरुणास लढाया थोड्या वाटल्या, त्याचे कारण हेच असावे.

काशीबाईंविषयी त्या मातेने काढलेला प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाजीरावाच्या अखेरच्या दिवसांत रावेरखेडीस त्या होत्या. मस्तानीच्या पोरक्या मुलाचे संगोपन पेशव्यांच्या घरातच झाले. एवढ्या माहितीवरून एक विलक्षण स्त्री दिसू लागते. पण सोसणे हा एकच गुण तिच्या वाट्यास आला की ती मूर्ती होऊन बसते. रागाचा, मत्सराचा, हिशेबाचा अधिकार मस्तानीइतकाच तिलाही हवा होता. २०१५ सालच्या 'बाजीराव मस्तानी' या हिंदी बोलपटाने या कादंबरीचा आधार घेतला, आणि दोघी स्त्रियांस एकत्र नाचविले. त्यावरून मोठा गहजब झाला. पेशव्यांच्या घरची स्त्री नाचणार नाही, हा आक्षेप रास्तच होता. परंतु तिच्या मौनाविषयी तितक्या जोराने कोणी तक्रार केली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता आजींच्या कौलाकडे वळू. परंपरा सांगते की, मस्तानीच्या मुलाची मुंज व्हावी अशी बाजीरावाची इच्छा होती आणि ती होऊ शकली नाही. तो समशेर बहादूर म्हणून वाढला, पेशव्यांच्या बाजूने पानिपतावर लढला आणि तेथील जखमांनी १७६१ साली मेला. ज्या मुलास घराने पंक्तीत घेतले नाही, तो घरासाठी मरण्यास मात्र पात्र ठरला. आजींच्या बोलण्यातील भय खोटे नाही. ब्राह्मणांच्या बहिष्काराची टांगती तलवार राधाबाईंच्या डोक्यावर खरोखरच होती. पण त्या भयाची किंमत कोणी मोजली, हे समशेर बहादूराच्या आयुष्यात लिहिलेले आहे, आणि आजींच्या कौलास आमच्याजवळ दुसरे उत्तर नाही.

म्हणूनच 'राऊ'विषयीचा वाद इतका तापतो. त्यात बाजीराव निमित्तमात्र आहे. परजातीची, परधर्माची सून उंबऱ्यावर येऊन उभी राहिली असता घराने काय करावे, हा प्रश्न अठराव्या शतकात मिटला नाही आणि आजही मिटलेला नाही. ज्या नव्या वस्त्यांतून एका जिन्यावर दहा तऱ्हांची कुटुंबे राहतात, तेथे तर तो कोणत्याही दिवशी दार ठोठावील. मुलीने मस्तानीची, आईने काशीबाईंची आणि आजींनी राधाबाईंची बाजू घेतली, त्यात इतिहासाचे ज्ञान थोडे आणि स्वतःच्या घराची चिंता फार होती.

यावरून 'राऊ'ची योग्यता आम्ही अशी ठरवू. रणवीर बाजीराव ज्यास पाहावयाचा असेल, त्याने सरदेशांच्या 'मराठी रियासती'कडे जावे. निर्दोष कलाकृती शोधणाऱ्यास येथे भाषेचे ओझे जाणवेल. परंतु घरातील तीन पिढ्यांनी एकच पुस्तक वाचून तीन निरनिराळ्या माणसांसाठी भांडावे, आणि त्या भांडणात आपापल्या मनातील गोष्ट नकळत बोलून जावे, असे सामर्थ्य थोड्याच कादंबऱ्यांत असते. ती 'राऊ'त आहे. घरात ती एकट्याने वाचू नये. एकाने वाचून झाल्यावर दुसऱ्याच्या हाती द्यावी, आणि मग जेवणाच्या वेळी जो वाद होईल तो थांबवू नये.